पुठ्ठ्यावरची मशीन

शेख ताहेर यांना लेथ मशीन कानानं कळायची. अंजनगाव सुर्जीच्या आयटीआयत टर्नर ट्रेडच्या शेडमध्ये सळई फिरवून छिलणाऱ्या सहा लेथ होत्या. सर मशीनकडे पाठ करून हजेरीपत्रक भरत असत आणि मधेच मान न वळवता म्हणत, "तीन नंबरवाल्या, टूल घासून आण बापा. रडून राह्यलं ते." पोरगं टूल काढून पाही, तर धार खरोखर गेलेली असे. नवी बॅच पहिला महिनाभर याला जादू समजे. मग हळूहळू पोरांच्याही कानाला ते रडणं ऐकू येऊ लागे, आणि सरांचं निम्मं काम तिथंच झालेलं असे.

ते मूळचे अचलपूरचे. वडील विणकर. घरातला हातमाग बंद पडला तेव्हा थोरल्या भावानं परतवाड्यात सायकलचं दुकान टाकलं आणि ताहेरना अमरावतीला आयटीआयत घातलं. तिथून बाहेर पडल्यावर अकरा वर्षं त्यांनी अंजनगावातल्या एका जिनिंगच्या वर्कशॉपात रोलर आणि शाफ्ट काढले. १९८४ साली गावातल्या एका शिक्षण संस्थेनं खासगी आयटीआय सुरू केली. तिला टर्नर शिकवणारा माणूस हवा होता. कागदावर त्या पदाचं नाव शिल्पनिदेशक असं भारदस्त होतं. मुलाखतीत संस्थेच्या अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला, "पोट्टे ऐकतील का तुमचं?"

"मशीनचं ऐकतील," ताहेर म्हणाले. "माहं नाही ऐकलं तरी चालते."

त्यांना ठेवून घेतलं. तेव्हापासून अचलपूरहून सकाळी साडेआठची एसटी, बायकोनं, रुबीनानं दिलेला डबा आणि पथ्रोटला चढणाऱ्या त्याच त्या माणसांना सलाम-रामराम, असा क्रम लागला.

पहिली पंधरा वर्षं सरांकडे यायची ती पोरं बहुतेक गावातलीच. सुताराची, लोहाराची, ट्रकवर क्लीनर असणाऱ्याची. शेतकऱ्याचं पोरगं आलंच तर दोन-तीन भावांतलं धाकटं. पुढं ते बदललं. साधारण नव्व्याण्णव-दोन हजारपासून बाप स्वतः पोराला घेऊन येऊ लागले. पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवत. काय शिकवता असं कोणी विचारत नसे. "लागते का जी नोकरी?" एवढंच विचारत. सोळा जागांना दीडशे अर्ज येऊ लागले. गावागावात काय चाललं होतं ते सरांना रोज बसमध्ये ऐकू यायचं. कधी कोणाच्या गावचं नाव निघे, तिथल्या कोणी कर्जबाजारी शेतकऱ्यानं विष घेतलेलं असे. सर खिडकीबाहेर पाहत. कपाशी उभी असे, हिरवीगार दिसे. शेतीतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि कळतं असं त्यांनी कधी दाखवलंही नाही.

२००३ साली पुण्याकडची एक कंपनी अकोल्यात मुलाखती घ्यायला आली. मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी. सर दहा पोरं घेऊन अकोटमार्गे अकोल्याला गेले. निवडून घेतलेली पोरं होती. हातानं काम असं करायची की मायक्रोमीटर लावून चूक काढावी म्हटलं तरी निघायची नाही. पण तिथं मशीन नव्हती. टेबलावर एका मशीनच्या बटणांचा मोठा फोटो होता आणि आकडे-अक्षरं लिहिलेला एक कागद. या कागदावरून टूल कुठून कुठं जाईल ते सांगा, एवढंच विचारत होते. दहाही पोरं अर्ध्या तासात बाहेर आली.

मुलाखत घेणारा साहेब तिशीतला होता. त्यानं सरांना आत बोलावून चहा दिला. म्हणाला, "सर, तुमच्या मुलांच्या हातात काम आहे, ते दिसतंच. पण आमच्या सीएनसी मशीनला हात लागत नाही. प्रोग्रॅम लागतो. एकाला घेतो, हेल्पर म्हणून."

सगळ्यांनी परतीची बस धरली. अकोट जवळ आलं तेव्हा मागच्या सीटवरून एकानं विचारलं, "सर, थे सीएनसी आपल्या अभ्यासात काहून नाही?"

सरांनी मागं वळून पाहिलं. मग म्हणाले, "माह्या अभ्यासात नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्य केशवरावांकडे प्रशिक्षणाला पाठवा म्हणून अर्ज दिला. अर्ज वर गेला आणि दोन महिन्यांनी खाली आला. पन्नाशी ओलांडलेल्या निदेशकाला पाठवता येत नाही, तरुण निदेशकाचं नाव सुचवावं, असा शेरा होता. तरुण निदेशक संस्थेत कोणी नव्हता. सरांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पंच्याहत्तर दिवसांच्या अर्जित रजेचा दुसरा अर्ज दिला.

केशवरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "पोराचं लग्न काढलं का, उसामाचं?"

"नाही जी. शिकाले चाललो."

"कुठं?"

"औरंगाबादले. भगवंतकडे."

भगवंत हा सरांचाच विद्यार्थी. चौऱ्याण्णवच्या बॅचचा. औरंगाबादजवळ वाळूजला एका छोट्या कारखान्यात दोन सीएनसी मशीन चालवायचा. त्यानं शेठजवळ शब्द टाकला. आमचे सर आहेत, पगार नको, पडेल ते काम करतील, फक्त पाहू द्या. शेठला फुकटचा माणूस मिळत होता, तो हो म्हणाला.

भगवंत आणि आणखी तिघं एका खोलीत राहत. ती पोरं पंचवीस-तिशीची. सर पाचवे झाले. पहिल्या संध्याकाळी पोरांनी सिगारेटी लपवल्या, टीव्हीचा आवाज कमी केला आणि भिंतीला टेकून ओळीनं बसली. सर म्हणाले, "तुमी तुमच्या हिशोबानं राहा. मी इथी सर नाही." तरी त्यांना गादी भिंतीकडची मिळाली आणि सकाळी आंघोळीचा पहिला नंबर त्यांचाच राहिला.

पहिला महिनाभर त्यांनी मशीनखालचा लोखंडी चुरा काढला, तयार जॉब, म्हणजे छिललेले भाग, पुसले, कडा घासल्या. दुपारी चारनंतर भगवंतच्या मागं उभं राहून पाहायचं. भगवंतला ते जड जायचं. "सर, तुमी बसा ना स्टुलावर."

"उभा राह्याले आलो मी. तू चालव."

एक गोष्ट सरांना पहिल्याच दिवशी कळली होती, पण त्यांनी ती कोणाला सांगितली नाही. या मशीनचं दार लावलं की आवाज आतच राहायचा. वरून थंड करायच्या पाण्याचा धबधबा. टूल रडतं की हसतं, काही ऐकू यायचं नाही. तीस वर्षं ज्यावर भिस्त ठेवली तो कान इथं कामाचा नव्हता. जे काय होतं ते कागदावर होतं.

पाचव्या आठवड्यात भगवंतनं त्यांना पहिला प्रोग्रॅम लिहू दिला. सोपा जॉब. सळई एका बाजूनं छिलायची आणि टूल बाहेर काढून मागं न्यायचं. सरांनी वहीत लिहिलं, दोनदा तपासलं, मग बोटानं एक एक कळ दाबून मशीनमध्ये भरलं. भगवंतनं वरवर नजर टाकली. आकडे बरोबर होते. दार लावलं, बटण दाबलं. टूलनं सळई छिलली, शेवटापर्यंत गेलं, आणि तिथून बाहेर निघायचं ते टूल एकदम आत घुसलं. धाड असा आवाज झाला. तो मात्र दार बंद असूनही साऱ्या शेडला ऐकू गेला.

टूलचं टोक उडालं होतं, धरणारा दांडा वाकला होता. भगवंतनं पडद्यावर बोट ठेवलं. सरांनी बावन्न लिहिलं होतं, पण बावन्नपुढं टिंब दिलं नव्हतं. त्या मशीनला टिंब दिलं तरच बावन्न म्हणजे बावन्न मिलिमीटर. नाही दिलं तर ती बावन्नला मिलिमीटरचे हजारावे भाग समजते, म्हणजे सळईचा जवळजवळ मध्यच. टूलला बाहेर जा म्हणायचं होतं, आणि टिंबावाचून सरांनी त्याला सळईच्या पोटात जा म्हटलं होतं.

सुपरवायझर धावत आला. सरांनी तोंड उघडायच्या आत भगवंत म्हणाला, "माह्याकडून झालं."

सुपरवायझर चार शब्द बोलून गेला. सर तिथंच उभे राहिले. मग हात पुसले आणि शेठच्या काचेच्या खोलीत गेले. भगवंतला काचेतून दोघं दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. शेठनं आधी सरांकडे पाहिलं, मग काचेतून भगवंतकडे. थोड्या वेळानं त्याला आत बोलावलं.

"यांनी चूक केली, तीन दिवस मशीनला हात लावायचा नाही," शेठ म्हणाला. "तू खोटं बोललास, तूही तीन दिवस चुरा काढायचा. दुसरा ऑपरेटर आहे माझ्याकडे."

त्या संध्याकाळी खोलीवर स्वयंपाक भगवंतकडे होता. भाकऱ्या थापताना त्यानं परात जोरात आपटली. शेवटी म्हणाला, "सर, तुमी सांगाले नव्हतं पायजे. मी निभावलं असतं."

"तू निभावलं असतं," सर म्हणाले. "मग माहं टिंब तुह्या नावावर गेलं असतं. मले कधी आठवलं नसतं."

भगवंतला ते पटलं नाही. दोन दिवस तो तुटकच होता. पण तिसऱ्या दिवशी त्यानंच शेडच्या मागून टूलच्या डब्यांचा एक मोठा पुठ्ठा आणून दिला, कारण सर वहीच्या कागदावर मशीनची बटणं काढत बसले होते आणि कागद पुरत नव्हता. सरांनी पुठ्ठ्यावर सारा पडदा आणि सगळ्या कळा आहेत त्याच मापाच्या काढल्या. व्हर्नियर लावून काढल्या. कळ कुठं आहे ते बोटांना न पाहता कळलं पाहिजे, असं त्यांना वाटत होतं. त्यानंतर रोज सकाळी आंघोळीनंतर ते मांडीवर पुठ्ठा घेऊन बसत आणि बोटं चालवत. खोलीतली पोरं आधी हसली. मग त्यातला एक, जो पॅकिंगमध्ये होता आणि ज्याला मशीनवर यायचं होतं, तो त्यांच्या शेजारी बसू लागला.

रजा संपेपर्यंत सरांनी अकरा प्रोग्रॅम लिहिले. त्यातले नऊ चालले.

परत आल्यावर त्यांनी सोळा पुठ्ठे कापले. संस्थेकडे सीएनसी मशीन नव्हती आणि येण्याचं लक्षणही नव्हतं. शिवाय ती भारनियमनाची वर्षं. सकाळी दहाला वीज जायची ती दुपारी दोन-अडीचला यायची. लेथ गप्प उभ्या असत आणि पोरं शेडबाहेर कडुलिंबाखाली गप्पा ठोकत. आता सर त्यांना आत बसवू लागले. एकेकाच्या मांडीवर पुठ्ठा. प्रोग्रॅम वहीत लिहायचा, पुठ्ठ्यावर बोटानं भरायचा, मग फळ्याजवळ येऊन मोठ्यानं वाचायचा. फळ्यावर जॉबचं चित्र काढलेलं असे आणि मशीन म्हणजे स्वतः सर. हातात खडू. पोरगं जे वाचेल तेच खडू करणार. मनात काय होतं ते चालणार नाही. टिंब विसरलं की खडू जॉबमध्ये घुसे, सर तो फळ्यावर दाबून मोडत आणि तुकडे पोराच्या हातात देत. "घे. तुहं टूल."

महिन्याभरात केशवरावांनी त्यांना बोलावलं. "ताहेर सर, साऱ्या संस्थेचा खडू एकटा टर्नर ट्रेड संपवून राह्यला."

"मशीन आणून द्या जी. खडू वापस करतो."

केशवराव हसले, पण खडूचा डबा मिळत राहिला.

याचा चमत्कार वगैरे काही झाला नाही. पुढच्या मुलाखतीत सोळापैकी सहा निवडले गेले. त्यातले दोघं काही महिन्यांतच परत आले. एकाला तिकडचं पाणी मानवलं नाही, दुसऱ्यानं कारण सांगितलं नाही. चौघं टिकले. सरांनी वहीत चार असं लिहिलं आणि पुढच्या बॅचचे पुठ्ठे कापले.

२००५ च्या जुलैत किसनराव आपल्या मुलीला घेऊन आले. दर्यापूर रस्त्यावरच्या एका खेड्यातले, स्वतःची काळी जमीन असलेले गृहस्थ. मुलगी चंदा, सतरा वर्षांची, दहावीला गणितात नव्वदच्या वर. ऑफिसातल्या बाबूनं तिचा फॉर्म न विचारताच कटाई-शिवणमध्ये टाकला होता. चंदा तो फॉर्म घेऊन शेडपर्यंत चालत आली, बाप मागं.

"मले टर्नर पायजे, सर."

सरांनी किसनरावांकडे पाहिलं. किसनराव म्हणाले, "मी तं शिवणकामाचंच म्हणत होतो जी. घरी बसून चार पैसे भेटतात. पण इचं डोकं निराळं."

"काहून टर्नर?" सरांनी तिला विचारलं.

"आमच्या गावचा एक पोट्टा तुमच्याकडून शिकून गेला. तो सांगे, मशीन चालवाले ताकद नाही लागत, हिशोब लागते. हिशोब मले येते."

"उभं राहा लागते आठ-आठ तास."

"निंदाले दिवसभर वाकूनच राहतो न जी आमी," चंदा म्हणाली. "उभं राह्यनं तं सोपं हाये."

बाबूला फॉर्म बदलावा लागला. शेडमध्ये मुलींसाठी वेगळी मोरी नव्हती, ती अडचण सरांनी केशवरावांच्या मागं लागून शिवणकामाच्या खोलीची किल्ली मिळवून भागवली. पहिले काही दिवस पंधरा पोरं तिच्याकडे पाहत होती. मग एकदा फळ्यापाशी तिनं सलग सात प्रोग्रॅम खडू न मोडता वाचले, तेव्हापासून पोरं तिची वही मागायला लागली. तिच्या हातचं लेथचं काम मात्र साधारणच होतं. कान तिला शेवटपर्यंत आला नाही. सरांनी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "कागदावर दिसते न सर, मंग आयकू कायले?" सरांना क्षणभर राग आला. दोन दिवसांनी तो गेला.

२००७ च्या मुलाखतीत चंदाचे गुण सगळ्यांत जास्त आले. निकाल लागला त्यात तिचं नाव नव्हतं. सर आत गेले. तोच साहेब होता, आता केस विरळ झालेले. म्हणाला, "सर, मुलींची सोय नाही आमच्याकडे अजून. कामाची वेगळी लाईन नाही, हॉस्टेल नाही."

"मी लाईन नाही मागत जी," सर म्हणाले. "कागद परत एक डाव वाचा म्हणतो."

साहेबानं वाचला, बाजूला ठेवला. काही आश्वासन दिलं नाही. चंदा घरी गेली आणि पावसाळाभर वावरात राबली. सप्टेंबरात पत्र आलं. कंपनी मुलींची पहिली तुकडी घेणार होती, राहायला हॉस्टेल होतं, पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं.

किसनराव पत्र घेऊन आले आणि शेडच्या पायरीवर बसले. "नाही धाडत सर. गावात लोक काय म्हणतात थे सोडा. मलेच नाही वाटत."

"चंदाची माय काय म्हणते?"

तेवढं विचारायला सर दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावी गेले. चंदाच्या आईनं, दुर्गाबाईंनी चहा ठेवला, पदर सारखा केला आणि चुलीजवळूनच बोलल्या. "मी अमरावतीच्या पुढं गेली नाही जी. मी जाऊन पाह्यलं तरी मले काय समजते? तुमच्या घरच्या बाईनं पाह्यलं अन् म्हनलं का चांगलं हाये, तं मी धाडतो पोरीले."

घरी येऊन सरांनी रुबीनाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "मेरे को पूछे बिना बोल के आए?"

"मैंने कुछ नहीं बोला. वही बोली."

रुबीनानं निवडलेले तांदूळ डब्यात भरले. मग म्हणाली, "कब निकलना है?"

ताहेर सर, रुबीना आणि किसनराव खासगी बसनं पुण्याकडे गेले. हॉस्टेलमध्ये पुरुषांना आत सोडत नव्हते. दोघं पुरुष फाटकाबाहेर एका टपरीवर बसले. रुबीना आत गेली ती तासभर बाहेर आली नाही. तिनं संडासाच्या कड्या आतून लावून पाहिल्या. नळ सोडून पाहिले. खोलीत किती मुली, खिडकी कुठं उघडते, स्वयंपाकाला कोण आहे, सगळं पाहिलं. मग वॉर्डनबाईला विचारलं, "दुसरी शिफ्ट रात को छूटती, तो कारखाने से यहाँ तक लड़कियाँ कैसे आतीं?"

"कंपनीची बस आहे ना."

"बस में कोई औरत रहती क्या?"

वॉर्डन म्हणाली, ड्रायव्हर आहे, विश्वासातला आहे.

"मैं औरत का पूछी," रुबीना म्हणाली.

कंपनीचा माणूस बोलवावा लागला. बसमध्ये बाई माणूस बसेपर्यंत चंदाला फक्त दिवसाची शिफ्ट द्यायची, असं रुबीनानं त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं. त्यानं आधी आढेवेढे घेतले. रुबीना खुर्चीवरून उठली नाही. कागद घेऊन बाहेर आल्यावर तिनं तो किसनरावांच्या हातात दिला आणि त्यांना कळेल अशा मराठीत म्हणाली, "धाडा. चांगलं आहे."

चंदा गेली. सहा महिन्यांनी त्या बसमध्ये एक बाई बसू लागली. चंदासाठी म्हणून नव्हे, तोवर मुली चाळीस झाल्या होत्या. दोन वर्षांनी चंदा प्रोग्रॅम तपासणाऱ्या विभागात गेली. लग्न झालं, नवरा त्याच भागातल्या कारखान्यात होता, मूळचा बार्शीटाकळीचा. तिच्या मागून सरांच्या ट्रेडला दर वर्षी दोन-तीन मुली येऊ लागल्या. कटाई-शिवणच्या निदेशक बाई एकदा सरांना म्हणाल्या, "माझ्या पोरी पळवता तुमी." ते अर्धं गमतीनं होतं.

२०११ मध्ये सर निवृत्त झाले. त्याच वर्षी संस्थेला अखेर एक खरी मशीन मिळाली. तिच्या खोलीला फरशी आणि थंड हवेचं यंत्र बसवलं. उद्घाटनाला सरांना नारळ फोडायला बोलावलं होतं. त्यांनी नारळ फोडला, दार उघडून आत वाकून पाहिलं आणि नव्या निदेशकाला बटणांची दोन नावं विचारली, कारण हे मॉडेल नवं होतं. चाळीसेक मिनिटं थांबून ते बसनं घरी गेले.

निवृत्तीनंतरही ते आठवड्यातून एकदा अंजनगावला येत. जिनिंगच्या वेळचे एक-दोन जुने सोबती होते, त्यांना भेटायला. एकदा स्टँडवर किसनराव दिसले. वाळले होते. हातात पिशवी, पिशवीत औषधाच्या गोळ्या आणि एक टॉर्च. दोघं हॉटेलात चहाला बसले.

"दुर्गाबाई?"

"चंदाकडे गेली. नातू झाला. आता चार-सा महिने येत नाही ती."

"अन् वावर?"

"बटईनं देल्लं, अर्ध्या वाट्यानं. म्या एकट्यानं कोण्या हातानं करू?" किसनरावांनी बशीत चहा ओतला. "माहा पोट्टाही तिकडंच गेला चंदाच्या मागं. तुमीच शिकवलं त्याले, दोन सालाच्या पहिले."

सरांना तो आठवला. शांत मुलगा, मागच्या बाकावर बसायचा.

"आमच्या गल्लीत सात घरं हायेत सर," किसनराव म्हणाले. "त्यातले पाच पोट्टे अन् दोन पोट्ट्या तुमच्या हाताखालून गेले. सारे लागले. सारे फोन करतात. कोणाचं वाईट झालं नाही, मी खोटं कायले बोलू. पण सांच्याले ओट्यावर आमी म्हतारेच बसतो. बैल विकला तं खरेदीले गावातलं कोणी नव्हतं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पेरणी कशी झाली ते सांगावं तसं ते सांगत होते. ताहेर सरांनी ऐकून घेतलं. आपल्याला एक काम येत होतं, ते आपण केलं. त्या कामाच्या दुसऱ्या टोकाला काय होतं ते आज हा माणूस सांगतो आहे. दोन्ही खरं होतं.

"माहा उसामा परतवाड्यात आहे, मोबाईलचं दुकान आहे त्याचं," ते म्हणाले. "कधी इकडं कंटाळा आला तं या. आमच्या घरी जेवा. रुबीना इचारते तुमचं."

"येतो न," किसनराव म्हणाले. "येतो एखाद्या गुरुवारी."

दर्यापूरची बस लागली. किसनराव पिशवी सावरत चढले, खिडकीजवळ जागा मिळाली, तिथून हात हलवला. बस वळणाआड गेल्यावर सर उठले, हॉटेलवाल्याला चहाचे पैसे दिले आणि घरी न्यायला केळी घ्यायला बाजाराच्या बाजूला निघाले.